शिकवायला जाणाऱ्यांची शाळा

१९८५ साली हार्वर्ड विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेले मायकेल क्रेमर हे अमेरिकी तरुण पश्चिम केनियातल्या काकामेगा जिल्ह्यात शिक्षक म्हणून गेले. वर्षभर त्यांनी तिथे शिकवले. १९८६ मध्ये त्यांनी आपल्यासारख्या तरुणांना परदेशातल्या शाळांत शिकवायला पाठवणारी ‘वर्ल्डटीच’ ही संस्था उभी केली. त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, २०१९ मध्ये, त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, या माहेरच्या पाटणकर, म्हणून आपल्याकडे त्या नोबेलचे विशेष कौतुक झाले. क्रेमर यांच्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. खरे तर परदेशात जाऊन फुकट शिकवण्याची इच्छा ज्यांना होते, त्यांनी आधी त्यांचीच गोष्ट नीट वाचायला हवी. क्रेमर यांचा गौरव काकामेगातल्या मुलांना वर्षभर शिकवल्याबद्दल झाला नव्हता. १९९० च्या दशकात ते पुन्हा केनियात गेले, तिथल्या एका जुन्या मित्राच्या संस्थेने काही शाळांना मदत करायचे ठरवले होते, आणि त्या मदतीचा उपयोग खरोखर होतो का हे तपासण्याची एक रीत क्रेमर यांनी सुचवली. त्या रीतीतून जे संशोधन उभे राहिले, त्याला नोबेल मिळाले. शिक्षक म्हणून गेलेल्या माणसाचा खरा उपयोग तो विद्यार्थी झाल्यावर सुरू झाला.

परदेशातली ऐच्छिक शिकवणी हा आज मोठा व्यवसाय आहे. नेपाळ, कंबोडिया, केनिया, टांझानिया, घाना, पेरू अशा देशांसाठी दोन आठवड्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे कार्यक्रम विकत मिळतात. सकाळी गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, दुपारी मुलांशी खेळायचे, शनिवार-रविवारी जंगलसफारी किंवा डोंगरदऱ्या, आणि निघताना प्रमाणपत्र. भारतीय तरुणही, त्यांत पुण्या-मुंबईचेही, आता या वाटेला लागले आहेत. कोणाला नोकरीतून विराम हवा असतो, कोणाला परदेशी विद्यापीठाच्या अर्जात चार ओळी. या लेखाचे म्हणणे असे की परदेशी स्वयंसेवक शिक्षकाच्या सेवेचा मुख्य लाभार्थी बहुतेक वेळा तो स्वतः असतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण ताकाला जाऊन भांडे लपवले की घोटाळा होतो. आपण शिकायला चाललो आहोत हे एकदा मोकळेपणाने मान्य केले, तर किती दिवस राहायचे, खर्च कोणी सोसायचा, कोणाच्या हाताखाली काम करायचे आणि सुटीच्या दिवशी कोणाबरोबर हिंडायचे, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे बदलतात.

ही कल्पना रुजली ती वसाहती स्वतंत्र होत होत्या त्या काळात. ब्रिटनमध्ये १९५८ साली अलेक डिक्सन आणि त्यांच्या पत्नी मोरा यांनी ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ ही संस्था सुरू केली. सुरुवातीला ती नुकतीच शाळा संपवलेली अठरा वर्षांची मुले परदेशी पाठवत असे. पुढे तिने हा शिरस्ता सोडला आणि प्रशिक्षित, अनुभवी माणसेच पाठवायला सुरुवात केली. अमेरिकेत जॉन केनेडी यांनी निवडणूक प्रचाराच्या धामधुमीत १४ ऑक्टोबर १९६० च्या रात्री दोन वाजता मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपुढे हा विचार मांडला, आणि अध्यक्ष झाल्यावर १ मार्च १९६१ रोजी आदेश काढून ‘पीस कोअर’ स्थापन केले. ऑगस्ट १९६१ च्या अखेरीस पहिली तुकडी घानाच्या अक्रा शहरात उतरली, ती शिक्षकांचीच होती. जपानने १९६५ मध्ये अशीच योजना आखून पहिली तुकडी लाओसला धाडली. त्या योजनेला २०१६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भारतातही १९६१ ते १९७६ या काळात पीस कोअरचे स्वयंसेवक होते. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी परिचारिका म्हणून मुंबईच्या विक्रोळीत राहून गेल्या, त्या याच योजनेतून.

पीस कोअरच्या कायद्यात तीन उद्दिष्टे लिहिलेली आहेत. पहिले, मागणी करणाऱ्या देशांची प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज भागवणे. दुसरे, त्या देशांतल्या लोकांना अमेरिकी माणूस नीट कळावा. तिसरे, अमेरिकी माणसाला ते लोक नीट कळावेत. म्हणजे खुद्द सरकारी कायद्यानेच तिनांतली दोन उद्दिष्टे परस्परांना समजून घेण्यासाठी राखून ठेवली, आणि मदतीच्या वाट्याला एकच आले. त्या एका उद्दिष्टालाही ‘मागणी करणाऱ्या देशांची’ अशी अट घातली. मुदतही त्याला साजेशी: तीन महिने भाषा आणि कामाचे प्रशिक्षण, त्यानंतर दोन वर्षे एकाच गावात मुक्काम. आज पंधरा दिवसांच्या सहली विकणारे व्यावसायिक पीस कोअरचा वारसा सांगतात, पण त्यांनी त्यातली मदतीची भाषा तेवढी उचलली आणि प्रशिक्षण, मुदत व यजमान देशाची मागणी या तिन्ही अटी गाळल्या.

परदेशी शिक्षकाने खरोखर मोठी उणीव भरून काढल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. १९६२ मध्ये पीस कोअरचे तीनशेच्या आसपास स्वयंसेवक इथिओपियात गेले, तेव्हा त्या देशातल्या माध्यमिक शिक्षकांची संख्या जवळपास दुप्पट झाली. सम्राट हैले सेलासी यांच्या सरकारला माध्यमिक शाळा झपाट्याने वाढवायच्या होत्या आणि पदवीधर शिक्षक देशात नव्हते. म्हणून मागणी खरी होती आणि पुरवठाही मोजूनमापून झाला. पण याच इथिओपियाच्या शाळांत त्या काळात हजारो भारतीय शिक्षकही होते, त्यांत केरळचे बरेच. ते स्वयंसेवक नव्हते. पगार घेत, कुटुंबासह राहत, आणि पुष्कळ जण वर्षानुवर्षे तिथेच शिकवत राहिले. दोघांत उदात्त कोण, असे विचारले तर बहुतेक जण स्वयंसेवकाकडे बोट दाखवतील. शाळेच्या दृष्टीने मात्र पगारी शिक्षकाचा मोठा गुण हा की तो पुढच्या वर्षीही असतो.

केनियातली परिस्थितीही नीट पाहायला हवी, कारण आजही या देशाकडे स्वयंसेवकांचा मोठा ओढा आहे. स्वातंत्र्यानंतर तिथल्या गावांनी सरकारची वाट न पाहता वर्गणी काढून माध्यमिक शाळा बांधल्या. सामूहिक श्रम आणि वर्गणी यांना तिकडे ‘हरांबे’ म्हणतात, म्हणून त्या हरांबे शाळा. इमारत गावाने उभी केली तरी प्रशिक्षित शिक्षक कुठून आणायचा, इथे घोडे अडत असे. त्यातच १९८५ पासून अध्यक्ष मोई यांच्या सरकारने अभ्यासक्रमाचा साचा बदलून आठ वर्षे प्राथमिक, चार वर्षे माध्यमिक आणि चार वर्षे विद्यापीठ अशी नवी रचना आणली, आणि शाळांची ओढाताण वाढली. अशा शाळेत वर्षभर गणित किंवा विज्ञान शिकवणारा परदेशी तरुण उपयोगी पडत होता, यात शंका नाही. पण ही गरज त्या काळाची होती. पुढे केनियात शिक्षक-प्रशिक्षण संस्थांतून इतके तरुण बाहेर पडू लागले की प्रशिक्षित असूनही सरकारी नेमणुकीची वाट पाहत बसलेले शिक्षक ही तिथली नेहमीची तक्रार झाली. अशा देशात फुकट शिकवायला उतरणारा परदेशी माणूस एखाद्या स्थानिक उमेदवाराची जागा तर अडवत नाही ना, हा प्रश्न विचारावाच लागतो.

आता पुराव्याकडे वळू. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम केनियातल्या बुसिया भागात जी तपासणी केली, तिची रीत सोपी होती: सगळ्या शाळांना एकदम मदत न देता चिठ्ठ्या टाकून काहींना आधी आणि काहींना नंतर द्यायची, आणि मधल्या काळात दोन्ही गटांतल्या मुलांची तुलना करायची. पहिला मोठा प्रयोग पाठ्यपुस्तकांचा होता. मुलांकडे पुस्तके नाहीत, ती दिली की मुले पुढे जातील, यावर कोणाचेच दुमत नव्हते. प्रत्यक्षात सरासरी गुण वाढलेच नाहीत. फायदा झाला तो आधीपासून हुशार असलेल्या थोड्या मुलांना. कारण असे की पुस्तके इंग्रजीत होती, आणि घरी लुह्या किंवा तेसो बोलणाऱ्या, बाजारात स्वाहिली बोलणाऱ्या बहुतेक मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा होती. पुस्तक हातात होते, वाचता येत नव्हते. याच भागात मुलांना जंतनाशक गोळ्या दिल्यावर मात्र गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. त्या आकडेवारीवर पुढे अर्थतज्ज्ञांत बराच वाद झाला, पण त्यामुळे मूळ धडा पुसला जात नाही. मूल शाळेत का येत नाही आणि आले तरी त्याला का कळत नाही, याची उत्तरे बाहेरून आलेल्याच्या कल्पनेपेक्षा वेगळी निघतात.

स्वयंसेवकांच्या बाबतीत याहून बोलका पुरावा स्थानिक शिक्षकांबद्दलचा आहे. केनियात काही शाळांमध्ये पालकांच्या समितीने स्थानिक उमेदवाराला वर्षाच्या करारावर जादा शिक्षक म्हणून नेमले. त्याचा पगार सरकारी शिक्षकाच्या मानाने खूपच कमी होता. तरी त्याच्या हाताखालची मुले सरकारी शिक्षकांच्या मुलांपेक्षा सरस ठरली, कारण तो वर्गात हजर असे आणि नेमणूक टिकवायची तर समितीपुढे उत्तर द्यावे लागे. आपल्याकडे मुंबईत आणि बडोद्यात ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची अशीच तपासणी बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केली. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी. मानधन अगदी थोडे. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना ती रोज दोन तास बाजूला घेऊन त्यांना जे येते तिथपासून शिकवायची. मुलांच्या गुणांत ठळक सुधारणा झाली. मुंबईच्या वस्त्यांत घडलेली ही पद्धत आज झांबियाच्या सरकारी शाळांत पोचली आहे, आणि तिथे ती राबवतात ते तिथलेच शिक्षक. शिकवण्याचे ज्ञान समुद्रापार गेले, ते शिकवणाऱ्यांची विमाने न भरता.

यावर पहिला आक्षेप इंग्रजीचा येतो. परदेशी माणूस इतर काही नाही तरी इंग्रजी चांगले शिकवेल, असे म्हणतात. उच्चार ऐकणे, न घाबरता बोलून पाहणे, यासाठी वरच्या वर्गांत त्याचा उपयोग होतो हे खरे. पण बुसियाच्या पाठ्यपुस्तकांनी दाखवले ते हे की खालच्या वर्गात मूल अडते ते इंग्रजी कमी कानावर पडते म्हणून नव्हे. कळत्या भाषेतून इंग्रजीकडे नेणारा पूल नसतो म्हणून. तो पूल ज्याला मुलाची भाषा येते त्यालाच बांधता येतो. लुह्या किंवा स्वाहिलीचे चार शब्द न येणारा पाहुणा वर्गात गाणी म्हणून घेईल, रंगांची आणि प्राण्यांची नावे घोकून घेईल. तो गेल्यावर पंधरा दिवसांनी दुसरा पाहुणा येईल आणि पुन्हा तेच रंग, तेच प्राणी. बाहेरून येणाऱ्याला हे नवे असते, वर्गाला मात्र नसते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. जगात शिक्षकांचा तुटवडा आहे. युनेस्कोच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत ४ कोटी ४० लाख प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षक लागतील, त्यांतले दीड कोटी एकट्या सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत. मग मिळेल तो हात का नाकारायचा? पण हाच आकडा उलट बाजूने वाचला पाहिजे. पीस कोअरसारखी जगातली मोठी सरकारी योजना २०१९ मध्ये सात हजारांवर स्वयंसेवक सांभाळत होती, तेही सगळे शिक्षक नव्हते. आणि त्या वर्षीचे तिचे अंदाजपत्रक सुमारे ४१ कोटी डॉलरचे होते. मुख्यालयाचा खर्च धरून एका स्वयंसेवकामागे वर्षाला पन्नास हजार डॉलरहून अधिक पडले. केनियात किंवा नेपाळमध्ये तेवढ्या पैशात किती शिक्षकांचे पगार निघतील, याचा हिशेब अवघड नाही. शिवाय मार्च २०२० मध्ये करोनामुळे हे सगळे स्वयंसेवक एकाच वेळी मायदेशी बोलावून घ्यावे लागले, आणि त्यांचे वर्ग जिथल्या तिथे थांबले. तुटवडा कोटींचा असेल तर उपाय शिक्षक घडवणे हाच असतो. एवढा खर्च करून अमेरिकेला काय मिळाले, तर यजमान देशाची भाषा बोलणारे, तिथली बस आणि बाजार ओळखणारे हजारो नागरिक. पीटर हेसलर हे १९९६ ते १९९८ या काळात पीस कोअरचे शिक्षक म्हणून यांगत्सेकाठच्या फुलिंगमध्ये होते; पुढे चीनवर त्यांनी जे लिहिले त्यातून अमेरिकी वाचकांच्या पिढ्यांना तो देश कळला. हा लाभ मोठा आहे, पण तो पाठवणाऱ्या देशाच्या खात्यावर जमा होतो.

मुलांच्या मनाचा प्रश्न यापेक्षा गंभीर. कंबोडिया आणि नेपाळ या देशांत पर्यटकांची वर्दळ वाढली तशी अनाथाश्रमांची संख्याही वाढली, हे उलटे गणित आहे. तपासणीत दिसले की कंबोडियातल्या अशा संस्थांमधल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. शिक्षणाचे आमिष दाखवून मुले गावाकडून आणली जात आणि पाहुण्यांच्या देणग्यांवर संस्था चालत. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना मुलांच्या अशा व्यापाराची दखल घेतली, आणि २०१९ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या पर्यटनाबद्दल इशारा दिला. गावची शाळा म्हणजे अनाथाश्रम नव्हे, हे मान्य. पण दर महिन्याला नवा ‘दादा’ किंवा नवी ‘ताई’ जवळ घेऊन निघून जाते, फोटो काढते आणि ते जगभर दाखवते, याची सवय लहान मुलांना लागावी का, हा प्रश्न तिथेही उरतो. आपल्या मुलांच्या वर्गात दर पंधरवड्याला अनोळखी परदेशी शिक्षक बदलून आलेला पुण्या-नाशिकचे किती पालक चालवून घेतील?

या सगळ्या युक्तिवादाला टोकापर्यंत नेणारा माणूस म्हणजे इव्हान इलिच. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे, मेक्सिकोच्या खेड्यांत सेवा करायला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांपुढेच त्यांनी भाषण केले, आणि मदत करण्याचा विचार सोडून द्या असे त्यांना तोंडावर सुनावले. त्यांचा मुद्दा असा होता की ज्यांची भाषा येत नाही, ज्यांचे जगणे माहीत नाही, त्यांच्यावर आपली सदिच्छा लादणे हाही सत्तेचाच प्रकार आहे. पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. मदत करायला येऊ नका, असा त्यांचा सल्ला होता. इलिच यांचे निदान बरोबर होते, पण पाहणे-शिकणे आणि मदत करणे यांच्यात त्यांनी घातलेली भिंत जरा जास्तच उंच आहे. क्रेमर यांचे उदाहरण तेच दाखवते. काकामेगातले वर्ष गेले नसते तर तिथे मित्र झाले नसते. मित्र नसते तर दहा वर्षांनी बुसियातल्या शाळांची दारे उघडली नसती. शिकायला आलेला माणूस पुढे कधीतरी कामी येऊ शकतो. मात्र आधी शिकण्याची किंमत त्याने स्वतः मोजायला हवी.

या शिकण्याची खरी जागा वर्गाबाहेर असते, आणि म्हणून स्थानिक लोकांबरोबरचा प्रवास हा या विषयाचा गाभा आहे. सामान्यतः स्वयंसेवक आठवडाभर गावात राहतो आणि सुटीला दुसऱ्या परदेशी स्वयंसेवकांबरोबर भाड्याच्या गाडीतून सफारीला जातो. म्हणजे काम गावात आणि सोबत आपल्यांची. पश्चिम केनियातले लोक मात्र मटाटूने जातात. ही खासगी गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली तरी वाटेत आणखी दोघे-तिघे घेते. ते लांब जातात ते बहुधा कामासाठी: आठवडी बाजाराला, वसतिगृहातल्या मुलाची फी भरायला, वर्गणीच्या हरांबेला, आणि सर्वांत जास्त मयताला. लुह्या समाजात माणूस नैरोबीत वारला तरी त्याचे दफन गावच्या जमिनीतच व्हावे लागते. त्यासाठी शहरातले नातलग, शेजारी, सहकारी वर्गणी करतात, गाडी ठरवतात आणि शेकडो किलोमीटर सोबत येतात. काकामेगाकडे बैलांच्या झुंजी लागतात, त्यांना आजूबाजूची गावे लोटतात. अशा प्रवासात सामील झालेल्या शिक्षकाला वर्गातली कोडी उलगडू लागतात: सोमवारी अर्धा वर्ग का रिकामा, कोणाची फी का थकली, मोठ्या मुलीला घरी का थांबवले. दिवे घाटात उभे राहून पालखी पाहणे आणि आळंदीपासून पंढरपूरपर्यंत दिंडीत चालणे यांत जे अंतर आहे, तेच सफारीच्या गाडीत आणि मटाटूत आहे. पाहणाऱ्याला सोहळा दिसतो. चालणाऱ्याला कोणाचे गुडघे दुखतात, कोण कोणाला भाकरी देतो आणि कोणाला रांगेत कुठे चालावे लागते, हेही दिसते.

हेही शेवटी पर्यटनच नव्हे का, असा आक्षेप येईल. आहेच. पण पर्यटनात कार्यक्रम कोण ठरवतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. सफारीत पाहुण्याच्या आवडीप्रमाणे यजमान देश उलगडून दाखवला जातो. गावकऱ्यांबरोबरच्या प्रवासात वेळ, वाट, थांबे आणि बोलणे त्यांचे असते, आणि पाहुण्याला फक्त मागोमाग जायचे असते. नेहमी देणाऱ्याच्या भूमिकेत असलेला माणूस इथे पहिल्यांदा घेणारा होतो, भाषेत अडखळतो, तिकिटाचे पैसे किती हे लहान मुलाला विचारतो. दुसरी अडचण अशी की पाहुण्याचा भार शेवटी गरिबाच्या घरावर पडतो. अतिथीला कोंबडी कापण्याची रीत आफ्रिकेतही आहे, आणि ती कोंबडी कधी कधी त्या महिन्याची एकच असते. म्हणून आपले भाडे आपण भरावे, राहण्या-जेवण्याचे पैसे ठरवून द्यावेत, हरांबेत आपली वर्गणी टाकावी. आणि जिथे बोलावणे नाही, विशेषतः मयताला किंवा घरच्या विधींना, तिथे हौसेने जाऊ नये. परक्याच्या नजरेला लोक किती बारकाईने पाहतात, हे १९६१ मध्येच कळले होते. नायजेरियाच्या इबादानमध्ये पीस कोअरच्या एका स्वयंसेविकेने मायदेशी लिहिलेले पोस्टकार्ड विद्यार्थ्यांच्या हाती पडले. त्यात तिथल्या राहणीमानाचे हिणकस वर्णन होते, आणि साऱ्या विद्यापीठात निषेधाची लाट उसळली. आता प्रत्येक स्वयंसेवकाच्या खिशात रोज हजार पोस्टकार्डे पाठवणारा फोन आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: वर्ष-दोन वर्षे कोणाला जमतात? नोकरी, घर, कर्ज सांभाळणारा माणूस पंधरा दिवसच काढू शकतो. या आक्षेपाला उत्तर असे की मुदत कमी असणे हा गुन्हा नाही, फक्त त्या मुदतीत शिक्षकी होत नाही. आपल्याच राज्यात याचे उलट उदाहरण आहे. मॅक्सीन बर्नसन १९६० च्या दशकात अमेरिकेतून भारतात आल्या, सुरुवातीला हैदराबादच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होत्या. मग त्या मराठी शिकल्या, त्यांनी फलटणच्या बोलीचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळवली, परदेशी माणसांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके तयार करण्यात भाग घेतला आणि फलटणला घर करून भारतीय नागरिकत्व घेतले. फलटणमध्ये त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा चालवली. सगळ्यांनी असे आयुष्य वाहावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण क्रम लक्षात घ्यावा: आधी भाषा, मग माणसे, मग शाळा. बाहेरून आलेली बाई मराठी शाळा काढते तेव्हा ती आपली वाटते, कारण तोवर तिने वर्षानुवर्षे गावाकडून शिकलेले असते.

यावरून जाणाऱ्यांसाठी काही साधे नियम निघतात. मागणी शाळेची आहे की मधल्या कंपनीची, हे मुख्याध्यापकाला थेट विचारावे. आपण गेल्यावर हा वर्ग कोण शिकवणार, याचे उत्तर नसेल तर जाऊ नये. वर्ग स्वतंत्रपणे ताब्यात घेण्यापेक्षा स्थानिक शिक्षकाचा मदतनीस म्हणून, त्याच्या सूचनेने काम करावे. आपण भरलेल्या रकमेतला किती हिस्सा शाळेकडे जातो हे लेखी मागावे, आणि आपल्या पूर्वचारित्र्याची तपासणी शाळेने मागितली नाही तर ती शाळा मुलांच्या सुरक्षेबाबत ढिली आहे असे समजावे. कायदा पाहावा: नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येत नाही, केनियातही विनावेतन कामाला परवाना लागतो. निघण्याआधी तिथली भाषा काही महिने शिकावी. स्वाहिली किंवा नेपाळी शिकायचे साहित्य आज घरबसल्या मिळते, आणि नेपाळी तर आपल्याच लिपीत आहे.

तेव्हा ज्याच्याकडे निदान एक शालेय वर्ष आहे, कामाचे प्रशिक्षण आहे आणि भाषेची तयारी आहे, त्याने शाळेच्या बोलावण्यावरून शिक्षक म्हणून जरूर जावे. ज्याच्याकडे पंधरा दिवस आहेत त्यानेही जावे, पण पाहुणा म्हणून: गावातल्या घरात पैसे देऊन राहावे, गावच्या गाडीतून हिंडावे, विचारले तर आपल्या गावाबद्दल सांगावे, आणि शाळेच्या वेळात वर्गाबाहेर राहावे. मुलांना शिकवण्याची हौस उरलीच, तर परतल्यावर आपल्या शहरातल्या एखाद्या वस्तीत दर शनिवारी दोन तास, सलग तीन वर्षे द्यावेत. तिथली भाषा आपल्याला येते, आणि पुढच्या शनिवारी आपण येणार हे मुलांना ठाऊक असते.